सोड म्हटल्यावर

धाकटीचा सोफे दुरुस्त करायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे खाली एक लांबट खोली आणि वर तिचं दोन खोल्यांचं घर. खाली जिकडे तिकडे फाटक्या खुर्च्या, स्प्रिंगा, काथ्याचे ढीग नि गोणपाटाच्या गुंडाळ्या. वडील गेल्यावर तिने काम हातात घेतलं तेव्हा लोक म्हणाले, बाईच्या हातात हातोडी शोभत नाही. पुढे तेच लोक आपल्या बसून बसून खचलेल्या खुर्च्या घेऊन तिच्याच दारात यायला लागले.

तिच्या हाताखाली, खरं तर तिच्या डोक्यावर, एक मिस्त्री होते. वडिलांच्या वेळचे, साठी ओलांडलेले, अंगाने काडी. पण वाकड्या सुईने त्यांनी ओढून घातलेला टाका दहा वर्षं ढिला पडत नसे. आणि तिसरा होता बोका. बोका म्हणजे कुत्रा. पिल्लू असताना अंगाचं मुटकुळं करून खुर्चीत झोपायचा म्हणून मिस्त्रींनी ते नाव ठेवलं. आता त्याची छाती पिंपासारखी झाली होती, जबड्यात अख्खा नारळ मावला असता, पण नाव बदलायचं राहूनच गेलं.

मग दादा राहायला आला. धाकटीचा थोरला भाऊ. एका बारच्या दारावर उभा राहून दारुड्यांना बाहेर काढायचं काम करायचा. एका गिऱ्हाइकाला बाहेर काढता काढता त्याने त्याचा जबडाच मोडला, आणि मालकाने दादालाच बाहेर काढलं. "चार दिवस राहतो," म्हणाला. चाराचे चाळीस झाले.

दिवसभर करायचं काय? त्याने बोक्याशी एक खेळ काढला. डाव्या हाताला कोपरापर्यंत गोणपाट गुंडाळायचं, तो हात बोक्याच्या तोंडापुढे झुलवायचा, आणि बोक्याने पकडला की हिसके द्यायचे. "सोड! सोड म्हणतो ना! सोड रे!" दादा ओरडायचा नि हसायचा, आणि ओरडेल तितक्या जोराने ओढायचा. बोका डोळे मिटून, मान झटकत, अधिकच घट्ट धरायचा. शेवटी त्याला हातावर लटकवून दादा गोल फिरवायचा. शेजारचा काचवाला दारात येऊन टाळ्या पिटायचा. मिस्त्री मात्र सुईवरून नजर न काढता म्हणायचे, "जनावराला चेव आणणं सोपं असतं बाबा. उतरवणार कोण?"

लस टोचायला धाकटी बोक्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली तेव्हा त्यांनी त्याचा ओठ वर करून पाहिला. हिरडी सोलली होती.

"काय खेळता याच्याशी?"

तिने सांगितलं. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "ओढाओढीचा खेळ वाईट नाही. कुत्र्याला आवडतो, त्याची रग जिरते. पण दोरीने खेळा. सुरू तुम्ही करायचा, थांबवायचाही तुम्ही. सोड म्हटलं की सोडलंच पाहिजे, तरच पुढचा डाव. आणि माणसाचा हात हे खेळणं नव्हे. हाताने कधीच खेळायचं नाही."

घरी येऊन तिने हे सगळं दादाला ऐकवलं. तो म्हणाला, "डॉक्टर मांजरांचा असेल. अगं, चोर शिरला तर हा काय दोरी मागणार आहे का?"

ती गप्प बसली. नंतर तिला स्वतःचा राग आला तो ह्याच गप्प बसण्याचा. कारण खरं सांगायचं तर तिलाही ते आवडत होतं. एकटी बाई, खाली किमती सामान, आणि दारात असा कुत्रा की लोक दोन पावलं लांबून बोलतात. दोरी आणायची आणायची म्हणत तिने आणली नाही.

मंगळवारी सकाळी एका हॉटेलच्या बारा खुर्च्या आल्या. मिस्त्री मागच्या खोलीत गोणपाट आणायला गेले. गुंडाळी जड होती म्हणून त्यांनी वार-दीड वार कापड सोडवून घेतलं, उजव्या हातावर गुंडाळलं आणि हात हलवत पुढे आले. बोका उन्हात पसरला होता. त्याने मान उचलली. त्याला मिस्त्री दिसलेच नसतील. त्याला दिसला गोणपाटातला हात, झुलत येणारा.

तो गुरगुरला नाही की भुंकला नाही. आनंदाने धावत गेला.

मिस्त्री दोन्ही पाय हवेत जाऊन पाठीवर आपटले. पहिला चावा गोणपाटावर बसला, पण दादासारखं सात-आठ वेढ्यांचं जाड कापड तिथे नव्हतंच. मिस्त्रींनी घाबरून हात मागे खेचला, नि खेचला म्हणून बोक्याने जबडा पुढे सरकवून मनगटाजवळ उघडी कातडी धरली. मग मान झटकायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, तीनदा. ओल्या कापडाची चिंधी टराटरा फाडावी तसा आवाज आला. मिस्त्रींची किंकाळी आधी माणसाची होती, मग ती माणसाची राहिली नाही.

"सोड!" धाकटी ओरडत धावली. "बोक्या, सोड! सोड!"

बोक्याने आणखी घट्ट धरलं. वरून दादा जिन्याच्या तीन-तीन पायऱ्या ओलांडत आला, "सोड! ए, सोड!" त्याचा आवाज ऐकून तर बोक्याला उधाणच आलं. मिस्त्रींना त्याने हातभर फरफटत नेलं. फरशीवर रक्ताचा पट्टा उमटला. आणि हे सगळं चालू असताना त्याचं शेपूट हलत होतं.

तेव्हा धाकटीच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. ह्या कुत्र्याला सोड म्हणजे काय ते कोणी शिकवलंच नव्हतं. त्याच्या लेखी सोड म्हणजे धर. सोड म्हणजे शाबास.

"गप्प बसा सगळे!" ती किंचाळली. "कोणी सोड म्हणू नका!"

दादाने बोक्याचे मागचे पाय धरून ओढायला घेतले. "ओढू नकोस, हात तुटेल त्यांचा!" म्हणत तिने त्याला खांद्याने ढकललं. लाकडी मोगरी उचलली. बोक्याच्या पाठीवर दोन्ही गुडघे टेकून बसली, गळपट्ट्यात मोगरीचा दांडा घातला आणि पिळला. एक पीळ. दुसरा. बोक्याच्या घशातून घर्र घर्र आवाज यायला लागला. तिसऱ्या पिळालाही तिने दांडा सैल केला नाही. ज्याला तिने बाटलीने दूध पाजलं होतं त्याचे डोळे तिच्याकडे वळले, पांढरे झाले, जीभ निळी पडली. मग जबडा आपोआप उघडला.

किंकाळी ऐकून धावत आलेला काचवाला मिस्त्रींना मागे ओढून घेऊन गेला. मनगटापासून कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत मांस उघडं पडलं होतं, आत काहीतरी पांढरं चमकत होतं. धाकटीने खुर्चीची पट्टी काढून दंडाला आवळून बांधली. काचवाल्याने टेम्पो दाराशी लावला, दोघांनी मिळून मिस्त्रींना मागे निजवलं. "पैसे घेऊन येते," म्हणत ती आत वळली आणि तिला धप्प असा आवाज ऐकू आला.

बोका श्वास घ्यायला लागला होता. जमिनीवर पडल्या पडल्या लटपटत मान उचलत होता. आणि दादा लोखंडी नळी घेऊन त्याच्या बरगड्यांवर मारत होता. दुसऱ्या फटक्याला काहीतरी मोडल्याचं तिला दारातून ऐकू आलं.

"माणसाला चावतो हरामखोर! घरच्या माणसाला!"

तिने काही विचार केला नाही. फरशीवर पडलेली मोगरी उचलून त्याच्या कोपरावर घातली. नळी खणखणत लांब गेली. दादा वळला, त्याने तिचे केस धरले, दुसऱ्या हाताने तिचा हात पाठीमागे पिरगळला आणि तिचं तोंड भिंतीवर आपटलं. ओठ फुटला. लहानपणीही तो असाच तिचा हात पिरगळायचा, खेळ म्हणून. ती "सोड दादा, सोड" म्हणायची आणि तो हसून आणखी पीळ द्यायचा. आई म्हणायची, भाऊ-बहिणीत चालायचंच.

ह्या वेळी ती काहीच बोलली नाही. मान वळवली आणि केस धरलेल्या हाताच्या मनगटात दात रोवले. तोंडात त्याचं रक्त आलं, तिचं आधीच होतं.

"सोड!" दादा ओरडला. "चिमे, सोड! अगं सोड!"

तिने सोडलं. तत्क्षणी.

दोघं धापा टाकत होती. "असं असतं ते," ती म्हणाली. "सोड म्हटलं की सोडायचं. तुला कधी जमलंच नाही, आणि तूच त्याला शिकवायला बसलास." तिने रक्त थुंकलं. "मी परत येईन तेव्हा तू इथे नको."

बाहेर काचवाला हॉर्न वाजवत होता. जाता जाता तिने काचवाल्याला सांगितलं, डॉक्टरांना फोन कर, कुत्र्याला घेऊन जायला सांग.

मिस्त्रींचा हात वाचला, पण दोन शिरा तुटल्या त्या तुटल्याच. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट चालायचं, बाकीची तीन लाकडाची झाली. इस्पितळाच्या व्हरांड्यात मिस्त्रींची बायको तिच्यासमोर उभी राहिली. धाकटीला वाटलं, ही आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. बाई एवढंच म्हणाली, "कुत्रा तुमचा, भाऊ तुमचा, आणि हात तेवढा आमचा." धाकटीने पोलिसांना लिहून देताना दादाचा खेळही लिहिला आणि आपलं गप्प बसणंही लिहिलं.

बोका डॉक्टरांच्या पिंजऱ्यात होता, तीन बरगड्या मोडलेला. आधी पिसाळतो का ते बघायचे देखरेखीचे दहा दिवस झाले, मग बरगड्या भरून यायला सहा आठवडे लागले. त्यानंतर डॉक्टरांनी त्याच्यापुढे दोरी धरली. त्याने पकडली. "सोड," डॉक्टर म्हणाले, आणि बोक्याने चारही पाय रोवले.

"हा शब्द नासला," डॉक्टर म्हणाले. "दुसरा घ्यावा लागेल. महिनोन् महिने. तोंडाला जाळी, कारखान्यात पाऊल नाही. आणि तरी तो पुन्हा चावणार नाही असं मी लिहून देणार नाही. नको वाटत असेल तर इंजेक्शन आहे, त्याला त्रास होणार नाही. विचार करा."

तिने मिस्त्रींना विचारलं. ते खाटेवर बसून डाव्या हाताने चमचा धरायला शिकत होते. "मला कशाला विचारतेस पोरी?" ते म्हणाले. "दुपारी तो माझ्या पायावर डोकं ठेवून झोपायचा, ते आठवतं. आणि स्वप्नात त्याचे दात येतात, तेही खरंच. मी पुन्हा कामावर येईन तेव्हा तो मला दिसता कामा नये. एवढंच."

तिने इंजेक्शन देऊ दिलं नाही. बरोबर केलं की चूक, हे तिला अजून सांगता येत नाही. बोका वरच्या घरात राहतो, दाराला बाहेरून दोन कड्या. रोज सकाळी दोरी, आणि नवा शब्द, "पुरे." पहिल्या दिवशी तिने दोरी नुसती निर्जीव धरून ठेवली, ओढली नाही. कंटाळून सोडायला त्याला वीस मिनिटं लागली. महिन्याभरात दोन मिनिटांवर आला. खाली मिस्त्री आता खुर्चीत बसून नुसतं सांगतात, टाके ती घालते, आणि ते म्हणतात, "ढिला. उसव, पुन्हा घाल."

एका दुपारी दादा आला. मनगटावर अर्धचंद्रासारखे व्रण. मिस्त्रींच्या पायाशी वाकला. मिस्त्रींनी पाय मागे घेतले. मग तो धाकटीकडे वळला. "बोका बरा आहे?"

त्याचा आवाज वर पोचला. वरच्या दारावर नखांचा आवाज सुरू झाला, मग कुई कुई, मग शेपूट दारावर आपटल्याची धडधड. ज्याने त्याच्या बरगड्या मोडल्या त्याच्यासाठी तो आनंदाने वेडापिसा झाला होता.

दादाचा चेहरा एकदम पोरासारखा झाला. "एकदा बघू दे गं. लांबून."

"नाही," ती म्हणाली.

"चिमे..."

"नाही म्हटलं ना, दादा."

त्याने जिन्याकडे पाहिलं. एक पाऊल पुढे टाकलं, मग थांबला. मागे वळला आणि निघून गेला. वरची धडधड बराच वेळ चालू होती. धाकटीने सुईत दोरा ओवला आणि हॉटेलच्या उरलेल्या खुर्च्यांतली पहिली पुढे ओढली.