न मागितलेलं दान

सूर्यभान शब्दाचा पक्का माणूस. श्रीगोंद्यापासून दोन कोसांवर त्याची वस्ती. तिथं ख्रिस्ती घरं सातच होती, पण बांधाचा तंटा कुणाचाही असो, सगळे म्हणायचे, "सूर्यभानला इचारा. त्यो खोटं बोलायचा न्हाई." या नावाचा त्याला अभिमान होता, आणि तोच त्याला भोवला.

सेहेचाळीस सालचा उन्हाळा होता. सूर्यभान आणि त्याचा धाकटा भाऊ काकासाहेब, दोघं मिळून विहीर खोल करत होते. त्या दिवशी चार सुरुंग भरले, पण वाजले तीनच. काकासाहेब म्हणाला, "दादा, जरा दम खाऊ."

"वात इझली आसंल. उतर खाली, बघ," सूर्यभान म्हणाला.

काकासाहेबानं थोरल्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. आईबाप गेल्यावर त्यानंच त्याला वाढवलं होतं. तो चऱ्हाट धरून उतरला. चौथा सुरुंग वाजला नाही, पण आधीच्या तीन सुरुंगांनी खिळखिळी झालेली दरड धाडकन खाली आली. धुरळा बसला तेव्हा विहिरीत नुसता मुरमाचा ढीग होता. माणूस दिसत नव्हता.

सगळा गाव धावला. पाट्या भरभरून मुरूम वर येऊ लागला. दुपार कलली तरी काकासाहेबाचा आवाज नाही. सूर्यभानच्या हाताची सालटं निघाली होती. लोकांनी त्याला ओढून वर काढलं, तसा तो काठावर गुडघ्यांवर पडला आणि आभाळाकडं हात करून ओरडला, "देवा, माज्या भावाला जित्ता दे! माजी सुनीती मी तुला वाहतो. तिचं लगीन करनार न्हाई, जलमभर तुज्या सेवेत ठेवीन!"

सुनीती त्याची एकुलती लेक. खोदणाऱ्यांसाठी पाण्याची घागर घेऊन ती नेमकी त्याच्यासमोर उभी होती. नजरेला पडली, तीच तोंडातून गेली.

दिवस मावळायच्या आत काकासाहेब सापडला. एक मोठा धोंडा तिरका पडून त्याच्यावर छपरासारखा राहिला होता. पाय मोडला होता, पण जीव होता. बायाबापड्या रडल्या, गडी नाचले. सूर्यभान भावाला कवटाळून हुंदके देत होता, आणि झुंबरबाई, त्याची बायको, लेकीचा हात घट्ट धरून उभी होती.

घरी आल्यावर ती बोलली. "भाऊ तुमचा, नवस तुमचा. मग लेक का म्हून द्यायची? सोताला वाहायचं हुतं!"

सुनीती एकोणीस वर्षांची होती. कर्जतच्या शांतवन मास्तरशी तिचं लग्न ठरलं होतं, जूनमध्ये बार उडायचा होता. पण गावासमोर शब्द गेला होता, तोही देवाला.

"दादा, तुम्ही बोललात ना? मी जाईन," सुनीती बापाला एवढंच म्हणाली. लग्नासाठी आईनं घेतलेलं लुगडं तिनं घडी मोडू न देता पेटीच्या तळाशी ठेवलं. निरोप मिळाल्यावर शांतवन एकदा येऊन गेला. सगळं ऐकून घेतलं आणि चहा तसाच टाकून उठला.

त्यानंतर घरात कुणी नीट जेवलं नाही. काकासाहेब पायाला कामट्या बांधून खाटेवर पडलेला असायचा. एके दिवशी त्यानं ताट बाजूला सारलं. "दादा, ह्यो घास पोरीच्या संसारातला हाय. माज्या घशाखाली उतरंना."

सूर्यभान रोज संध्याकाळी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचा. त्यात एका सरदाराची गोष्ट होती. जिंकून परत आलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते देवाला देईन, असं तो बोलून गेला आणि सामोरी आली त्याची लेकच. ती पानं आता सूर्यभान बोटानं चाचपून एकदम उलटून टाकायचा.

असेच रखडत तीन आठवडे गेले. मग एका सकाळी तो लेकीला घेऊन श्रीगोंद्याला निघाला. तिथं छबूबाई राहायच्या. तीस वर्षं गावोगाव फिरून बायांना शास्त्र शिकवणाऱ्या, दुखणी-बाळंतपणं निस्तरणाऱ्या. लेकीला त्यांच्या हाती सोपवायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

छबूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. "सलाम, बाई," म्हणून सूर्यभाननं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. छबूबाईंचे हात थांबले.

"न्हेऊन जा तिला माघारी," त्या म्हणाल्या.

"बाई, नवस हाय!"

"आसंल. मी न्हाई घेत. पोरी, तुला इचारलं हुतं का ह्यानं?"

सुनीतीनं नाही म्हणून मान हलवली. मग धीर करून म्हणाली, "कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, मला शांतवनशी लग्न करायचंय. पण दादांनी शब्द दिला होता. त्यांना खोटं पाडायचं नव्हतं."

"ऐकलंस?" छबूबाई सूर्यभानकडं वळल्या. "मी सेवेत आले ती माज्या पायानं चालत आले. मला कुनी बांधून आनली न्हवती."

"पन शास्त्रातल्या अब्राहामानं पोटचा पोरगा बळी द्यायला येदीवर ठेवला की, बाई! त्यानं माघार घेतली न्हाई."

"त्याला देवानं सांगितलं हुतं. आनि सुरी उचलल्यावर हात कुनी धरला? देवानंच ना? तुला कुनी सांगितलं? तू आपल्याच भ्यानं बोललास आनि आता आपल्या नावासाठी पोरीला झिजवतूस. भाऊ तुला देवानं फुकट दिलाय, बाबा. त्यो काय सौदा करत न्हाई."

सूर्यभान ओसरीच्या कडेला बसला. "मग शब्दाचं काय करू?"

छबूबाईंनी शास्त्र आणलं आणि त्यातल्या नियमशास्त्राच्या पुस्तकातली जागा काढून दिली. कुणी अविचारानं शपथ घेतली आणि ते त्याच्या ध्यानात आलं, तर त्यानं आपला दोष उघड कबूल करावा, असं तिथं होतं. सूर्यभाननं ते दोनदा वाचलं.

"चौघांत बोललास, चौघांतच कबूल कर," छबूबाई म्हणाल्या.

घाम पुसत सूर्यभान म्हणाला, "करतो. आनि तिच्या बदल्यात मी आता..."

"तोंड मिट! आजून एक नवस बोलशील तर ह्या शेंगा डोक्यात घालीन."

सुनीतीला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी बापानं ते ऐकलं.

पण रविवार सोपा नव्हता. ख्रिस्ती देवळात भक्ती संपत आली, तशी पाळकांनी, तिथल्या धर्मगुरूंनी, आधी सांगून ठेवल्याप्रमाणे त्याला पुढं बोलावलं. मागं दारापाशी गावातले हिंदू शेजारीही येऊन उभे होते. विहिरीवरचा शब्द त्यांनीही ऐकला होता. लेकीला देणं सोपं वाटलं होतं, आणि हे एवढं कठीण जात होतं, याची सूर्यभानला मनोमन लाज वाटली.

"मी भावाला भरल्या सुरुंगापाशी उतरवला," तो म्हणाला. "चूक माजी. आनि ती झाकायला माजं नव्हं ते देवाला देऊन बसलो. माजा शब्द खोटा पडला. देवानं माफ करावं, आनि सुनीतीनंबी."

मग मागच्या बाकावरून कुबडीचा खट्-खट् आवाज आला. काकासाहेब पुढं आला आणि भावाच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. तोल सांभाळायला की प्रेमानं, हे त्यालाच ठाऊक. सुनीती उठली आणि बापाच्या पाया पडायला वाकली, तर त्यानं तिला मध्येच धरलं आणि लहान पोरासारखा रडू लागला.

बाहेर आल्यावर दारापाशी उभा असलेला एक म्हातारा शेजारी म्हणाला, "सूर्यभान, आता तर तुज्यावर जास्तच इस्वास बसला, गड्या."

झुंबरबाई मात्र थांबायला तयार नव्हती. "ते ऱ्हाऊ द्या. कर्जतला मानूस आजच धाडा. मास्तर रुसून बसला आसंल."

"मीच जातो," सूर्यभान म्हणाला.

तो घरी गेला, तीन भाकरी आणि वाडगाभर पिठलं खाल्लं, लेकीनं आणखी वाढलं तेही खाल्लं, आणि पटका गुंडाळत भर उन्हात कर्जतच्या वाटेला लागला. पोट जड झालं होतं, पण चाल अशी हलकी की पाठमोऱ्या त्याला पाहून झुंबरबाई पदराआड हसली.