एकविसावं वचन

तीर्थपुरीच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या तुळजाबाईला वाचायला आलं ते बेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही बायबलावरून. चर्चच्या मंडळीतल्या एका बाईनं तिला अक्षरं लावायला शिकवलं होतं. तेव्हापासून ती ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, वचनांच्या आकड्यांसकट वाचायची.

म्हणूनच तिच्या ध्यानात आलं. डोळ्यांना कमी दिसायला लागलं म्हणून साळवे पास्टरांनी तिला मोठ्या अक्षरांचं, सोप्या मराठीतलं नवीन बायबल दिलं होतं. मत्तयाचा सतरावा अध्याय वाचताना विसाव्या वचनानंतर एकदम बाविसावं आलं. एकविसावं नव्हतंच.

नेमकं तेच वचन तिनं अकरा वर्षं धरून ठेवलं होतं. मुलगी प्रिया आठ वर्षांची असताना तिला फिट यायला लागल्या. त्या अध्यायात येशू तसल्याच एका पोराला बरं करतो, आणि जुन्या बायबलात पुढं तो शिष्यांना सांगतो की असलं दुखणं प्रार्थना आणि उपासाशिवाय जात नाही. ते वाचल्यापासून तुळजाबाई दर शुक्रवारी पाण्याशिवाय काही घेत नव्हती. गोळ्यांनी प्रियाच्या फिट कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मधे तुळजाबाईला शुगर निघाली. जालन्याच्या डॉक्टरांनी उपास बिलकुल बंद करायला सांगितले, तरी तिनं ऐकलं नाही. मागच्या महिन्यात एका शुक्रवारी ती शाळेच्या चुलीपुढंच कोसळली. प्रिया तेव्हापासून तिच्याशी धड बोलत नव्हती. आपल्या नावानं आई उपाशी मरणार, हे तिला सहन होत नव्हतं.

साळवे पास्टर दर रविवारी दुपारी अंबडहून मोटारसायकलवर यायचे. पत्र्याच्या खोलीत पंधरा-वीस माणसांची उपासना व्हायची. तुळजाबाईनं त्यांना पान दाखवलं. छपाईत चूक झाली असेल, असं म्हणून त्यांनी ते बायबल परत नेलं आणि पुढच्या रविवारी दुसरं आणलं. त्यातही वीसनंतर बावीसच. तेव्हा पास्टर म्हणाले की मावशी, आपण विश्वासानं चालतो, आकड्यांनी नाही. आणि घाईनं निघून गेले.

तो आठवडा तिला फार वाईट गेला. बाजारात दुसऱ्या मंडळीतल्या एकानं सांगितलं की नवीन बायबलं सगळी बिघडवलेली आहेत, घरात ठेवू नका. शाळेतली एक मास्तरीण म्हणाली की धर्माच्या पुस्तकांत फेरफार होतच असतात. कोणी सरळ उत्तर देईना. खिचडी ढवळताना तिच्या मनात तेच चाले. एक वचन जाऊ शकतं, तर बाकीची कशावरून राहिलीत?

शेवटी प्रियानंच वैतागून ते पुस्तक ओढलं. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक टीप होती. तुळजाबाईच्या डोळ्यांना ती नुसती रेघ वाटली होती. प्रियानं वाचून दाखवलं. काही जुन्या हस्तलिखितांत इथं एक वचन जास्तीचं सापडतं, असं लिहून पुढं उपासाचं ते वचन दिलेलं होतं. छापखाने नव्हते तेव्हा बायबल हातानं उतरवून घेत, हेही प्रियानं समजावलं.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर तुळजाबाई दारातच उभी राहिली आणि पास्टरांना विचारलं की तुम्हाला हे ठाऊक होतं का.

पास्टरांनी कबूल केलं की सेमिनरीत, म्हणजे पास्टर होण्याच्या शाळेत, पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. सगळ्यात जुन्या प्रतींत ते वचन तिथं नाही. बायबलातल्याच मार्काच्या शुभवर्तमानात हीच गोष्ट आहे, तिथून कुणीतरी उतरवताना ते इकडं आणलं असावं. आणि मार्काच्याही जुन्या प्रतींत नुसती प्रार्थना आहे, उपास नाही. हजारो प्रती ताडून पाहिल्यात म्हणूनच हे कळतं, त्यानं प्रभूचं तारण बदलत नाही, असंही ते म्हणाले.

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"वाटलं, तुमचा विश्वास डळमळेल."

"तो तुमच्या गप्प बसण्यानं डळमळला," तुळजाबाई म्हणाली. "पुस्तकानं काही लपवलं न्हाई. त्यानं खाली लिहून ठेवलंय. लपवलं तुम्ही. मी चुलीपुढं पडले तवा बी तुम्ही गप राह्यले. उलट माझ्या उपासाची साक्ष सगळ्यांपुढं सांगून राह्यल्ते."

पुढच्या रविवारी मंडळीला सगळं सांगतो, असा शब्द पास्टरांनी दिला.

सांगितलं, पण कसं, तर सूचनांच्या मधे, दोन वाक्यांत. कोणाला काही समजलं नाही. भिवा नावाच्या म्हाताऱ्यानं विचारलं की म्हणजे बायबल चुकीचं आहे का, तर पास्टरांनी गाणं सुरू केलं. तुळजाबाईला राहवलं नाही. तिनं गाणं थांबवायला लावलं आणि प्रियाला जुन्या बायबलातलं पान आणि नव्यातली तळाची टीप दोन्ही मोठ्यानं वाचायला सांगितली. मग पास्टरांना खाली बसावंच लागलं. भिवाच्या प्रश्नांना उत्तरं देता देता त्यांना दिवस मावळला. काही उत्तरं बरी होती, काही अडखळती. एक कुटुंब मधेच उठून गेलं आणि नंतर कधी आलं नाही. त्याचा ठपका मंडळीनं तुळजाबाईवर ठेवला.

त्या शुक्रवारी तिनं दुपारी भाकरी खाल्ली. प्रिया समोर बसून होती. अकरा वर्षं वाया गेली का, हे तिला कोणी सांगू शकत नव्हतं, आणि विचारावं असं माणूसही उरलं नव्हतं.

बुधवारी प्रियाला फिट आली. तुळजाबाईनं तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी दिली आणि झटके थांबेपर्यंत प्रार्थना केली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो तिनं देवापासून झाकला नाही.