बसा म्हणणारी पाटी

मी एक पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, रस्त्याकडेची, पत्र्याची, लोखंडी खांबावर ठोकलेली. गंमत अशी की माझ्यावर काय लिहिलंय ते मला दिसत नाही. कोणी मोठ्याने वाचलं की कळतं.

माझा पत्रा मूळचा एका जुन्या छपराचा. पेंटरने तो ठोकून सरळ केला, पांढरा रंग दिला आणि जीभ किंचित बाहेर काढून अक्षरं रेखली. 'येथे बसण्यास परवानगी आहे.' इतकं गोड वाक्य वाट्याला आलं म्हणून मी हुरळून गेले. माझ्या जातीच्या बाकीच्या पाट्या दिवसभर थुंकू नका, थांबू नका म्हणून खेकसत असतात.

मला उभं केलं ते एका दगडी कट्ट्याशेजारी. कट्टा रस्त्याचा, सगळ्यांचा. पण मागे काचेच्या भांड्यांचं नवं दुकान झालं आणि दुकानदाराच्या डोळ्यांत तिथे बसणारी माणसं खुपायला लागली. माल झाकला जातो म्हणायचा. रोजची उठवाउठवी. शेवटी कट्ट्यावरची मंडळी नगरपालिकेत गेली आणि बसायची परवानगी मागून आली. तिथल्या साहेबांनी ती हसत हसत दिली, म्हणून मी आले.

त्या मंडळींत काजेवाली मावशी होती. शिंप्याकडून सदरे आणायचे, त्यांना काजं करायची, बटणं लावायची, हे तिचं पोट. तिच्या खोलीत भरदिवसा अंधार. काळ्या कापडावर काळा दोरा दिसायला तिला कट्ट्यावरचाच उजेड लागायचा. शेजारी तिची जाऊ बसायची, जिच्या जिभेला हाड नव्हतं.

"काय गं, पाटी नव्हती तेव्हा आपण चोरून बसत होतो का?" जावेने पहिल्याच दिवशी विचारलं.

"मिळालंय ते बघ आणि गप बस," मावशी म्हणाली.

मावशी विसरली, पण तो प्रश्न माझ्या डोक्यात घर करून राहिला. कट्ट्याचे दगड मधोमध खोलगट झाले होते. कितीतरी माणसं बसून गेल्याशिवाय दगड असा झिजत नाही. त्या सगळ्यांना बसू दिलं कोणी? मी तर कालपरवाची. कट्ट्याला विचारून पाहिलं, पण दगडच तो, ढिम्म राहिला.

मग साहेब बदलले. दुकानदार नव्या साहेबांना भेटून आला आणि पाठोपाठ पेंटर शिडी घेऊन हजर. आधी माझ्यावर 'फक्त सकाळी' आलं. काही दिवसांनी 'परवानगी रद्द'. ज्या तोंडाने बसा म्हटलं त्याच तोंडाने उठा म्हणायची पाळी आली. मला फार लाज वाटली.

"मावशी, दिलेली परवानगी परत घेता येते," दुकानदार म्हणाला. "मागायला तुम्हीच गेला होता ना?"

मावशीने सदरे गुंडाळले आणि ती निघून गेली. कट्टा ओस पडला. मला करमेना.

आली ती एकदम एका सकाळी, जावेला घेऊन, आणि थेट माझ्याखाली बसली. अंधारात तिची काजं वाकडी गेली होती; पुन्हा असं झालं तर काम दुसरीला देईन, असं शिंप्याने बजावलं होतं. दुकानदार तरातरा जाऊन साहेबांनाच घेऊन आला.

"मावशी, इथे परवानगी नाहीये," साहेब म्हणाले.

"ठाऊक आहे. आमचंच चुकलं, साहेब. बसू द्या म्हणून आम्ही यायलाच नको होतं. हे आम्हाला उठवतात, त्यांना आवरा, असं सांगायला यायला हवं होतं."

"पण मग बसायचा हक्क तुम्हाला दिला कोणी?" साहेबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच कुतूहल होतं.

"यांना या रस्त्याने चालायचा कोणी दिला?" जावेने दुकानदाराकडे बोट केलं.

साहेबांनी खोलगट दगडावरून हात फिरवला. मग स्वतःच बसून पाहिलं.

"असं असेल तर तुमचं ऑफिस हवंय कशाला?" दुकानदार कुरकुरला.

"तुम्ही यांना उठवायला लागलात की हवं," साहेब म्हणाले. "आणि मावशी, उद्या तुम्ही यांच्या दारात फतकल मारलीत, तर तुम्हाला उठवायलाही मीच येईन."

"दारात उजेड कुठे असतो?" म्हणत मावशीने सुई ओवली.

पेंटर पुन्हा आला. आता मी म्हणते, 'येथे बसलेल्यांना कोणी उठवू नये.' आता मी कोणाला काही देत नाही, नुसती राखण करते. सुरुवातीला मानाची जागा गेल्यासारखं वाटलं. आता शांत झोप लागते.

हल्ली माझा रंग उडतोय आणि खालून 'परवानगी' हा शब्द डोकावतो, असं लोक म्हणतात. परवा एक अनोळखी बाई तो वाचून घुटमळली. "बसलं तर चालेल ना?" तिने विचारलं. मावशीने मान वर न करता आपलं बोचकं बाजूला सरकवलं.

मी कधीतरी गंजून पडेन. तेव्हा माझी एकच विनंती आहे. नवी पाटी मागायला धावू नका. आधी बसा. कोणी उठवायला आलं तर ऑफिसात जरूर जा, पण काय मागायचं ते कट्ट्यावरच ठरवून जा.