मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

तुमच्या गाडीत पायाचे ब्रेक किती? एक. आमच्या गाडीत दोन. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, तो सगळ्यांच्या ओळखीचा. दुसरा डावीकडच्या सीटसमोर, शिकवणाऱ्याच्या पायाशी. तिकडे वाकून बघायची कुणाला गरजच पडत नाही. तो दुसरा मी. आज जरा फुरसत आहे, गाडी झाडाखाली उभी आहे, म्हणून बोलतोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला रस्ता दिसत नाही. माझ्या नशिबी बूट, चपला आणि पायांत पडलेली बडीशेप. पण मी एका लोखंडी दांडीने मोठ्या ब्रेकला जोडलेला आहे. पलीकडे चालवणाऱ्याने ब्रेक दाबला की मीही खाली जातो. त्यामुळे गाडीतल्या कुणाच्या मनात किती भीती आहे, हे मला त्याच्या आईच्याही आधी कळतं.

माझा जन्म एका अपघातातून झाला. मास्तरांची ड्रायव्हिंग स्कूलची पहिली गाडी साधी होती, एका ब्रेकची. लग्न ठरलेला एक तरुण शिकत होता. चौकात उजवीकडे वळायचं होतं. समोरून पोस्टमन सायकलवर सरळ येत होता. तरुणाला वाटलं, सायकल तर आहे, तेवढ्यात आपण निघून जाऊ. मास्तर ओरडले, "थांब!" ओरडणं वेळेवर पोचलं, ब्रेक पोचला नाही. पोस्टमनचा पाय मोडला.

मास्तर तीन आठवडे रोज संध्याकाळी दवाखान्यात जाऊन बसायचे. पोस्टमन मोठा दिलदार. तो म्हणायचा, "मास्तर, चेहरा असा पाडू नका. पाय माझा मोडलाय, तुमचा नाही." माणूस बरा झाला, पुन्हा सायकलवर बसला. मास्तरांच्या मनातून मात्र तो कधी गेलाच नाही.

पुढच्याच महिन्यात त्यांनी ही गाडी घेतली आणि थेट वेल्डरकडे नेली. वेल्डरने लोखंडी पट्टी कापली, वाकवली, दांडी जोडली आणि जुन्या टायरचा तुकडा माझ्या तोंडावर बसवला. "क्लचपण लावून देऊ का?" त्याने विचारलं.

"नको," मास्तर म्हणाले. "मला फक्त थांबवता आलं पाहिजे."

असा मी आलो. माझं दुकान मोठं विचित्र बघा. गिऱ्हाईक आलं नाही की मालक खूश! पण गिऱ्हाईक भरपूर यायचं. एक बँकेतल्या बाई होत्या, त्या प्रत्येक खांबाला "सॉरी हं" म्हणायच्या आणि पुढच्या खांबाकडे निघायच्या. एक निवृत्त गणिताचे शिक्षक होते. चौक आला की ते नियम खणखणीत आवाजात म्हणायचे, "उजवीकडून येणाऱ्या वाहनास प्रथम जाऊ द्यावे!" आणि त्या वाहनाच्या समोर गाडी घालायचे. नियम तोंडपाठ, पाय मात्र सुट्टीवर. अशा वेळी मास्तरांचा जाड तळव्याचा बूट माझ्यावर पडायचा आणि गुरुजींचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा.

मास्तरांची शिकवायची तऱ्हा न्यारी. पुस्तकी भाषा त्यांना जमायची नाही. ते म्हणायचे, "चौक म्हणजे एकत्र कुटुंब समजा. पायी चालणारे ते आजोबा. आपण वळून ज्या रस्त्यात शिरणार, तिथे आजोबा रस्ता ओलांडत असतील तर अख्ख्या घराने थांबायचं. सरळ जाणारा तो थोरला. वळणारा तो धाकटा. धाकट्याने थोरल्याला आधी जाऊ द्यायचं, तोंड वाकडं न करता. आणि सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणारा तो जावई. त्याचा मान आधी."

"आणि जावई वेड्यासारखा आला तर?" कुणीतरी विचारायचं.

"तरी आधी त्याला जाऊ द्या. मान ठेवायचा, जीव वाचवायचा. भांडण घरी गेल्यावर."

बेकरीवाल्या काकू शिकायला आल्या त्या दिवशी हे ऐकून इतक्या हसल्या की गाडी बंद पडली. काकूंचं वय पन्नाशीच्या पुढचं. सकाळचा पाव भट्टीतून निघाला की दहा वाजता यायच्या. त्यांच्या मागोमाग काकाही यायचे आणि मागच्या सीटवर बसायचे. दोघांच्या कपड्यांना भाजलेल्या पिठाचा वास. त्या तासाला आमच्या गाडीला घरासारखा वास यायचा.

काकू का शिकत होत्या, ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी मास्तरांना सांगितलं. काका तेव्हा खाली उतरून पाण्याची बाटली आणायला गेले होते.

"मास्तर, यांच्या डोळ्यांना काचबिंदू झालाय. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं. डॉक्टर म्हणाले, नळीतून बघावं तसं झालंय. गाडी चालवायची नाही म्हणून बजावलंय. पण पहाटे उठून व्हॅन काढतातच. म्हणतात, शिळा होतो तो पाव, डॉक्टरचा कागद नाही. गेल्या महिन्यात चौकात एका शाळेच्या रिक्षाला घासून गेले. वीतभर अंतर होतं. मी शेजारी होते. यांना कळलंसुद्धा नाही."

"मग किल्ली काढून घ्या की."

"तीस वर्षं तीच किल्ली कंबरेला आहे हो. हिसकावून घेतली तर माणूस मोडेल. मला लायसन्स मिळू दे, मग म्हणते, चला, आता मी तुमची ड्रायव्हर. एवढं बोलायला तरी तोंड पाहिजे ना माझ्याकडे."

मास्तरांच्या पायाची बोटं बुटात आवळली गेली. मला कळलं, त्यांना पोस्टमन आठवला.

काकू मनापासून शिकल्या. आरसा बघायच्या, वळणाआधी बरंच अंतर असतानाच दिवा लावायच्या, गाडी दुसऱ्या गिअरवर आणायच्या. उजवीकडे वळण्यासाठी चौकाच्या मधोमध थांबल्या की चाकं सरळ ठेवायच्या. चाकं आधीच वळवून ठेवली आणि मागून कुणी धडकलं तर आपण थेट समोरच्याच्या अंगावर जातो, हे मास्तरांनी एकदाच सांगितलं होतं. त्या कधी विसरल्या नाहीत. मागून काकांची टकळी चालू असायची.

"अगं, हळू. भट्टीत हात घालतेस का?"

"तुम्ही बसा हो शांत. तुमच्या हाताखाली तीस वर्षं काढली, आता तासभर मास्तरांच्या हाताखाली काढू द्या."

दोन महिन्यांनी परीक्षा झाली. शेजारी मास्तरांऐवजी परीक्षा घेणारे साहेब, चकचकीत काळे बूट. मोठ्या चौकात काकू उजवीकडे वळायला निघाल्या, समोरून बस येत होती, आणि साहेबांचा बूट कचकन माझ्यावर आला. नापास. महिन्याने पुन्हा परीक्षा. तोच चौक, तसाच बूट, तसाच निकाल.

काकू बाहेर येऊन पायरीवर बसल्या. "मास्तर, तुमच्यापाशी जमतं. साहेबांपाशी का जमत नाही?"

"घाबरता तुम्ही, काकू."

"नाही हो. घाबरले असते तर थांबले असते."

उत्तर मला माहीत होतं. पण लोखंडाला तोंड कुठलं?

खरी गोष्ट अशी, की गेली कित्येक वर्षं मास्तरांचा पाय प्रत्येक चौकाआधी माझ्यावर हळूच टेकायचा. जोराने नाही, अंगठ्याच्या निम्म्या भाराने. गाडीचं नाक किंचित झुकायचं. पोस्टमनची धास्ती पायात उतरली होती ती. आपण असं करतो हे मास्तरांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. पण काकूंच्या अंगाला ते कळायचं. नाक झुकलं की त्या समोर बघायच्या आणि आपला ब्रेक दाबायच्या. साहेबांचा पाय आधी टेकायचा नाही. मग नाक झुकायचं नाही, आणि काकूंचं बघायचं राहून जायचं. ज्याने त्यांना सांभाळलं, त्यानेच दोनदा नापास केलं. तो मी.

तिसरी परीक्षा पंधरा दिवसांवर आली. काका मागे बसले होते, पुढच्या दोन सीटांच्या मधून डोकं खुपसून. आता त्यांची नजर नळीसारखी, जिथे रोखली तेवढंच दिसणार. त्या दिवशी ती रोखली गेली नेमकी मास्तरांच्या बुटावर. एक चौक गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला काका म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. ब्रेक तुम्हीच मारताय."

"मी? छे हो! मी कशाला मारू?"

"आत्ता मारलात. त्याआधीही मारलात. माझी ही थांबते, पण तुमच्या मागून थांबते."

मास्तर खाली बघू लागले. पुढचा चौक आला, आणि मास्तरांच्या डोळ्यांदेखत त्यांचा बूट पुढे सरकून माझ्यावर टेकला.

गाडी कडेला लागली. मग मास्तरांनी पोस्टमनची सगळी हकिगत सांगितली. आजवर त्यांनी ती एकाही शिकणाऱ्याला सांगितली नव्हती. काकू म्हणाल्या, "अहो, एवढ्या वर्षांचं ओझं एका पायावर? दुखला नाही का तो?"

मास्तर ओशाळून हसले. मग त्यांनी वाकून बूट काढले, सीट मागे सरकवली आणि तिच्यावर चक्क मांडी घातली. "चला काकू. आता हा पाय पोचायला वेळ लागेल. मोठ्या चौकातून उजवीकडे."

"मास्तर, मी जरा पायी येऊ का मागून?" काका म्हणाले.

"बसा गुपचूप!" काकू म्हणाल्या आणि गिअर टाकला.

मी एकटा पडलो. माझ्यावर बूट नाही, बुटाची सावलीही नाही. वळणाच्या दिव्याची टकटक सुरू झाली. वेग उतरला. एक रोखलेला श्वास वरून ऐकू आला, तो मास्तरांचा. आणि मी खाली गेलो. सावकाश, बेताने, पुरता खाली. माझ्यावर कुणाचाही पाय नव्हता.

गाडी चौकाच्या मध्यावर थांबली. समोरून एका ट्रकची धडधड जवळ आली आणि तीही थांबली.

काका आनंदले. "अगं, बघ, तो हात करतोय. जा म्हणतोय. भला माणूस आहे, जा की!"

"तो थांबलाय. त्याच्या पलीकडून कोण येतंय ते बघू द्या."

"कुणी नाही गं! ट्रक तर समोर उभा आहे, मला स्वच्छ दिसतोय..."

मी तळालाच होतो. काकूंचा पाय एका केसानेही हलला नाही. तेवढ्यात ट्रकच्या बाजूने एक मोटारसायकल सूंऽऽ करत निघाली आणि आमच्या नाकासमोरून गेली. तिच्यावरच्या डब्यांचा खणखणाटसुद्धा मी ऐकला.

मग मी अलगद वर आलो. गाडी वळली, पुन्हा एकदा थांबली. "आजोबा चाललेत," काकू पुटपुटल्या. खरोखरचेच कुणीतरी आजोबा असावेत, काठीची टकटक रस्ता ओलांडत होती. ते गेल्यावर गाडी पुढे जाऊन कडेला उभी राहिली.

मास्तरांनी मांडी सोडली.

"मला तो दिसलाच नाही," काका म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. "मी जा म्हटलं तुला. मी रोज पहाटे असाच जातो. असे किती राहिले असतील माझ्या बाजूला, मला न दिसलेले?"

काकू मागे वळल्या असाव्यात, कारण सीट करकरली.

कंबरेची साखळी सुटल्याचा बारीक आवाज आला. "हात पुढे कर," काका म्हणाले.

"अहो, अजून लायसन्स कुठे मिळालंय?"

"मिळेल तेव्हा मिळेल. तोवर ही माझ्याकडे नको."

पंधरा दिवस त्यांचा पाव शेजारच्या दूधवाल्याने आपल्या टेम्पोतून पोचवला. मग परीक्षा आली. साहेबांचा काळा बूट माझ्यावर सतत तरंगत होता, बोटभर उंचीवर. चौकात मी खाली गेलो, वर आलो. बूट तिथेच राहिला. शेवटी साहेबांनी तो बाजूला घेतला आणि कागदावर सही केली.

या गोष्टीला आता वर्ष झालं. मास्तर शिकणाऱ्याला पहिले चार दिवस जपतात, पाचव्या दिवशी बूट काढून मांडी घालतात. काही गिऱ्हाइकं घाबरून उठून जातात. जी टिकतात ती नीट शिकतात. माझा रबर पूर्वीसारखा झिजत नाही.

परवा एका सिग्नल नसलेल्या चौकात आमची नवी शिकाऊ मुलगी बावरली आणि तिने गाडी मध्येच बंद पाडली. मागचे भोंगे बोंबलू लागले. आमच्या डावीकडे एक व्हॅन थांबली होती. तिने मात्र भोंगा वाजवला नाही. उघड्या काचेतून भाजलेल्या पिठाचा वास आत आला.

"काय झालं गं? का थांबलीस?" व्हॅनमधून काकांचा आवाज आला.

"उजवीकडून मास्तरांची गाडी येतेय. बंद पडलीय. पोरगी नवीन आहे, रडवेली झालीय. तिच्या मागे दोन मोटारी. डावीकडे कुणी नाही. समोर एक सायकल, ती गेली."

"मग राहू दे तिला सावकाश. काही घाई नाही आपल्याला."

रोज असंच चालत असणार त्यांचं. त्यांना न दिसणारा सगळा रस्ता त्या त्यांना सांगत असणार. मुलीने गाडी पुन्हा सुरू केली, आम्ही पुढे गेलो, आणि मग मागून व्हॅन निघाल्याचा आवाज आला.

मंडळी, आता मास्तर येतील, मला कामाला लागायला हवं. जाता जाता एवढंच मागतो. वळायच्या आधी थांबा. सरळ येणाऱ्याला जाऊ द्या, चालणाऱ्याला जाऊ द्या. कुणी हात करून वाट दिली, तरी त्याच्या पलीकडचं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तुमच्या डावीकडच्या सीटसमोर मी नाही. तिथे तुमचं माणूस बसलेलं असतं, आणि त्याच्या पायाखाली नुसती सपाट जमीन असते.