आवडाबाई गात का नाही?

क्षिप्राने फिजिक्समध्ये एमएस्सी केल्यापासून मित्रांनी तिच्याबरोबर सिनेमाला जाणं सोडलं होतं. कमलेशने मात्र आपली अद्भुत कादंबरी छापायला देण्याआधी मुद्दाम तिलाच वाचायला दिली. आज त्याला प्रकाशकाला शेवटचं कळवायचं होतं: कादंबरीतली म्हातारी, आवडाबाई, ठेवायची की काढून टाकायची.

बाळकुम नाक्यावरच्या हॉटेलात दोघांच्या पुढ्यातली इडली गार होत होती.

"माणसं झकास आहेत रे तुझी," क्षिप्रा म्हणाली. "तो भित्रा सेनापती तर थेट आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. पण घडत काहीच नाही! उडत्या खेकड्यांचं सैन्य खाडीवर ताटकळलंय, आणि ही बाई राजाच्या मुलीच्या लग्नात गायचं की नाही यावर अख्खं प्रकरण विचार करत बसलीय."

"आणि खेकडे?"

"तेवढ्या पंखांवर ते उडणार नाहीत. पण ते सोड."

तिने खेकडे सोडले म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे कमलेशने ओळखलं.

"ती गात नाही म्हणून राज्य ठप्प. कुठल्या शक्तीने? वरदान आहे, मंत्र आहे? जादूचा नियमच दिला नाहीयेस. मी दोनदा वाचलं शोधायला."

कमलेश खो-खो हसला. "अगं, पुस्तकात ती एकटीच तर खरी आहे! आमच्या आगरी लग्नात धवलारीण असते. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, जशी गाते, तसतसे विधी पुढे सरकतात. माझी सगुणाआजी धवलारीणच होती. ती रुसली की वरबाप सायकल मारत दारात हजर."

"म्हणजे जादू नाहीच?" क्षिप्राचा चेहरा पडला. "मग तसं लिही ना! आम्हाला काय स्वप्न पडणारे?"

"प्रकाशकही म्हणतात, कळत नाही, गोष्ट अडते. तुझंही तेच ना?" त्याने प्रकाशकांना फोन लावला. "काढतो तिला."

गोष्ट अडत होती, हे खरंच होतं. ते मागे घेणं क्षिप्राला जमणारं नव्हतं.

"अडू दे की! अडवायलाच बसलीय ती. ज्या राजाने तिची मिठागरं बुजवली, त्याच्या घरी का गाईल?"

"मी तर शेवटी तिला गायला लावणार होतो."

"लावून तर बघ! ऐकणारच नाही ती तुझं!"

शेजारच्या टेबलावरचे काका वळून बघायला लागले. तेवढ्यात फोन लागला.

"सर, म्हातारी राहतेय," कमलेश म्हणाला. "आणि शेवट बदलतोय. नाही, मी कुठे ठरवतोय? तिच्या बाजूने एकजण इथे भांडायला बसलीय."