टाचण्या काढून बोला

माझे भावोजी शिंपी. इतर नवरे मूग गिळून गप्प बसतात, हे टाचण्या धरून बोलतात. दोन ओठांत टाचण्यांची रांग आणि उरलेल्या फटीतून "बाही केवढी ठेवू", "सरळ उभे राहा", सगळा कारभार. ओठ हलवला तर टाचणी टोचणार, म्हणून ओठ न हलवता बोलायची सवय लागली. आता तोंडात टाचण्या नसल्या तरी ओठ जागचे हलत नाहीत.

ताईला हे कधी नडलं नाही. संध्याकाळी ती दुकानात स्टुलावर बसून काजं-बटणं करायची. भावोजींचं पुटपुटणं तिला बरोबर समजायचं, गिऱ्हाइकांना ती उलगडून सांगायची. मग हळूहळू तिचे कान गेले. कानातलं मशीन आणलं, पण त्यातून पंखा, भांडी, शिवणयंत्र झकास ऐकू येतं, माणसाचे शब्द तेवढे येत नाहीत. ताई कशालाही "हो हो" म्हणू लागली. स्टुलावर बसणंही तिनं सोडलं.

आणि एक दिवस व्हायचं ते झालं. मी समोरच होते. भावोजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन पुटपुटले, "मी तुला नकोसा झालोय का गं?"

"हो, मघाशीच झालंय," ताई म्हणाली. "बसा जेवायला."

मला हसू फुटलं, पण भावोजींचा चेहरा बघून ते गिळलं. "अहो, तिला ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. माहीत होतं, तरी त्या दिवसापासून घरात त्यांनी ब्र काढला नाही. माणूस सत्तरी ओलांडतो, रुसण्याची अक्कल मात्र शाळेतलीच राहते.

वाचनालयाच्या माडीवर ओठ वाचायचा वर्ग भरतो, असं मला कळलं. मी ताईच्या मागे लागले.

"या वयात शाळा? साठी बुद्धी नाठी म्हणतात," ती म्हणाली.

"मग सत्तरीला परत येत असेल. चल."

शिकवणारी बाई नातीच्या वयाची, विद्यार्थी सगळे कवळीवाले. पहिलाच धडा असा की प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, तेव्हा मीठ की पीठ हे आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखायचं. घरी सराव घ्यायला मी. आवाज न काढता मी "मीठ दे" म्हणायचे, ताई पिठाचा डबा पुढे करायची आणि दोघी पोट धरून हसायचो. थोड्याच दिवसांत ती अशी तरबेज झाली की खिडकीत बसून समोरच्या बाकावरची भांडणं मला वाचून दाखवू लागली. त्या सरावात माझंही बरंच शिकून झालं.

"सगळ्यांचं कळतं गं आता," एकदा ती म्हणाली. "ह्यांचंच तेवढं कळत नाही. हे बोलतायत का गप्प आहेत, तेही कळत नाही." तिनं डोळे पुसले.

भावोजींचा तो प्रश्न अगदी माझ्या ओठांवर आला होता. पण नवऱ्याचा प्रश्न मेहुणीनं पोचवायचा नसतो. मी उठले आणि तडक दुकानात गेले.

"भावोजी, तिनं तिचं काम केलंय. आता तुम्ही टाचण्या काढून बोला."

"काढलेल्याच आहेत," ते ओठ न हलवता म्हणाले.

पण मनावर घेतलं त्यांनी. दुकानातल्या उंच आरशासमोर उभे राहून "पा, पी, पू" करू लागले. एका गिऱ्हाइकानं दाढ दुखतेय का म्हणून विचारलं आणि लवंगही देऊ केली.

वर्गाच्या शेवटी परीक्षा होती. घरच्या माणसानं समोर बसून आवाज न काढता एक वाक्य बोलायचं. भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. ताईसमोर बसले, टाचणी राहिली नाही ना हे बघायला ओठांवरून बोट फिरवलं. मग तोंड चांगलं उघडून, एकेक शब्द सुटा करून त्यांनी विचारलं, "मी तुला नकोसा झालोय का?"

त्या भल्या माणसाच्या एवढं ध्यानात आलं नाही की सराव घेणाऱ्या घरच्यांसकट अख्खी खोली ओठ वाचणाऱ्यांची आहे. वर्गातले निवृत्त पोस्टमनकाका चष्मा पुसू लागले. मागून कुणीतरी "अगंबाई" म्हणालं. बाई उगाच खडू शोधू लागली.

ताईचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवायचं कशाला? मग तिनंही आवाज न काढता उत्तर दिलं, "इतक्या वर्षांनी तोंड उघडलंत. आता कुठली सोडतेय मी तुम्हाला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोस्टमनकाका शिट्टी वाजवायला गेले, पण कवळी आडवी आली.

"काय म्हणाली?" भावोजी घाबरून एकेकाकडे बघत होते. ओठ वाचता न येणारा खोलीत तो एकच माणूस. मी सांगायला तोंड उघडलं तर ताईनं चिमटा काढला.

"काका," बाई म्हणाली, "नवा वर्ग सोमवारपासून आहे."

आता भावोजी पहिल्या बाकावर बसतात. संध्याकाळी ताई पुन्हा स्टुलावर असते. दोघांचे ओठ हलत असतात, आवाज नाही. गिऱ्हाइकं मला हळूच विचारतात, "दोघांचं वाजलंय का हो?"

त्या दिवशी काय म्हणालीस, हे भावोजी तिला रोज विचारतात. ती रोज तेच उत्तर देते. त्यांना म्हणे शेवटचं तेवढंच वाचता येतं, "सोडतेय मी तुम्हाला." "कुठली" हा शब्द ओठांवर नीट दिसत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. मग ताई पुन्हा म्हणते, आणखी सावकाश, आणखी जवळ वाकून.

मला विचाराल तर त्यांना केव्हाच कळलंय.