मिरची की मी?

मी चष्मा बोलतोय. निदान इथे सगळे मला चष्माच म्हणतात. मला पट्ट्याने डोक्याला बांधतात, बाजूने एक वायर लोंबते, आणि माझ्यातून पाहिलं की समोरच्या वस्तूवर हिरवी अक्षरं नि बाण दिसू लागतात. याला चष्मा म्हणावं की टीव्ही, हे माझं मलाच अजून नीट कळलेलं नाही.

मला घडवलं भूपेशने. तो शहाद्याचा, पण कारखाना पुण्यात. तो मला सारखा स्वतःच्या डोळ्यांवर चढवून बघायचा आणि खूश व्हायचा. मग एक दिवस त्याने मला खोक्यात घालून नंदुरबारला, नवनीतशेठच्या मिरची कारखान्यात पाठवलं. चक्की बिघडली की कुठला बोल्ट आधी खोलायचा, ते मी दाखवायचं होतं.

शेठनी मला त्यांच्या जुन्या फिटरच्या, छगनभाऊंच्या हाती दिलं. छगनभाऊंनी आधी नारळ फोडला आणि नव्या मशीनला लावतात तसं मलाही कुंकू लावलं, तेही थेट काचेवर. तो सगळा दिवस मी त्यांना लालभडक चक्की दाखवत होतो. इथली माणसं अशीच असतील, असं मी धरून चाललो.

पण खरा गोंधळ पुढेच होता. मला लावून काम सुरू केलं की थोड्याच वेळात छगनभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागायचं. ते मला काढायचे, गमछ्याने डोळे पुसायचे, पुन्हा लावायचे, पुन्हा पाणी. मला वाटलं, हा माणूस रडतोय. आपण असं काय वाईट दाखवलं?

मग आजूबाजूला पाहिलं, तर सगळेच डोळे पुसत होते. बाहेर पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानात, नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत होती, बायका नाकाला पदर बांधून देठं खुडत होत्या, आणि आत चक्कीचा ठसका. मिरचीच्या दिवसांत इथे कुणी कुणाला 'का रडतोस' म्हणून विचारत नाही. मीही निश्चिंत झालो.

एकदा मात्र चक्कीचा पट्टा बसवताना छगनभाऊंचा पाना बोल्टवर बसलाच नाही. तो बाजूला घसरला आणि हात चक्कीच्या दातांपर्यंत गेला. नशीब, चक्की बंद होती. शेठनी ते पाहिलं.

"छगनभाऊ, डोळे ठीक आहेत ना? नसतील तर सांगा. तुम्हाला गेटवर बसवतो, खुर्ची देतो."

"मिरची शे, शेठ. मिरची," छगनभाऊ हसून म्हणाले.

त्या हसण्याखालची भीती मला कपाळावरून कळत होती, कारण ते घामाने भिजलं होतं. गेटवरची खुर्ची त्यांना नको होती. ज्या हातांनी चक्क्या उभ्या केल्या, ते मांडीवर ठेवून बसायचं, या विचारानेच त्यांची झोप उडाली होती.

पुढच्या सुट्टीला ते बायकोसोबत, छबूबाईंसोबत, सासरवाडीला धानोऱ्याला निघाले. मला पिशवीत घेतलं. जावई सासरी जाणार म्हटल्यावर थोडी ऐट हवीच! मेहुण्याची विहिरीवरची मोटार चष्मा लावून दुरुस्त करून दाखवायची, असं त्यांच्या मनात होतं.

विहिरीभोवती पपईची बाग होती. हवा स्वच्छ. छगनभाऊंनी मला लावलं आणि मोटारीवर वाकले. मी अक्षरं दाखवली. अन् पुन्हा तेच पाणी.

छबूबाई जवळ आल्या. "काय हुयनं?"

"काही नही. मिरची शे."

"आठे मिरची कोठे शे?"

छगनभाऊ विहिरीच्या कठड्यावर मटकन बसले. "मन्हा डोया गयात. शेठले सांगू नको."

डोळे गेले! मला इतकं वाईट वाटलं! छबूबाईंनी मला त्यांच्या हातातून घेतलं, स्वतःच्या डोळ्यांवर लावलं आणि मोटारीचे स्क्रू बघत राहिल्या. जरा वेळाने त्यांनी मला ओढून काढलं. त्यांचेही डोळे भरले होते.

"मन्हा बी डोयास्मा पानी उनं. डोकं बी दुखस. तुमना डोया चांगला शेतस. हाऊ चष्माच खराब शे!"

मी खराब? ज्याला भूपेश शाबासकी द्यायचा, तो मी? पण छगनभाऊ इतक्या दिवसांनी मोकळे हसले. मग मला रागावताही येईना.

त्यांनी तिथूनच भूपेशला फोन लावला. तो दोन दिवसांत नंदुरबारला आला आणि मला खोलून बसला. तेव्हा मला थोडंफार कळलं. स्क्रू असायचा हाताजवळ, आणि माझी अक्षरं डोळ्यांना भासायची समोरच्या भिंतीइतक्या अंतरावर. बिचारे डोळे जवळ बघू की लांब बघू करत दमून जायचे. शिवाय माझ्या दोन काचांमधलं अंतर भूपेशच्या डोळ्यांच्या मापाचं, छगनभाऊंच्या नव्हे. आणि माझ्या झगमगाटात माणूस पापणी मिटायचंच विसरायचा. भूपेशने नव्या काचा बसवून अक्षरं हाताजवळ आणली, उजेड कमी केला, अंतर छगनभाऊंच्या मापाचं केलं. मधूनमधून मी आपोआप बंद पडावं, अशीही सोय केली. कामाच्या वस्तूने मुद्दाम बंद पडायचं, हे मला अजून पटत नाही. असो.

आता माझी एकच विनंती आहे. मला लावून डोळे चुरचुरले, तर उगाच सोसू नका. आधी मला काढा. तुमचे डोळे गेले असं मानण्यापूर्वी माझ्यावर शंका घ्या, मी वाईट वाटून घेणार नाही.

आज सकाळी छगनभाऊ मला लावून चक्कीवर काम करत होते. पाना बरोबर बोल्टवर बसला. तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी घाबरलो. पुन्हा मीच? त्यांनी मला काढून बाकावर ठेवलं. मी बघत राहिलो. डोळ्यांचं पाणी थांबेना, वर दोन शिंका आल्या.

"मिरची शे रे, मिरची!" माझ्याकडे बघत ते म्हणाले, आणि रडत रडत हसले.